तुतीची चटक

बारकी सकाळी तुतीच्या बागेत गेली आणि बांधावरच मटकन खाली बसली. आदल्या संध्याकाळपर्यंत पोपटी, लुसलुशीत दिसणारे कोंब काळे पडले होते. हात लावला की शिजलेल्या पालेभाजीसारखे बोटांना चिकटत होते. थंडी संपली असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं, घराघरांतल्या शेगड्या माळ्यावर गेल्या होत्या, आणि अशात रात्रीतून दव गोठलं होतं. बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक हिरवं पान शिल्लक नव्हतं.

बारकी हे तिचं माहेरचं टोपणनाव, बहिणींत सगळ्यात धाकटी म्हणून पडलेलं. आता ती नवऱ्यापेक्षा बोटभर उंच होती, ट्रेची चवड एकटी उचलत होती, तरी सासरीही सगळे तिला बारकीच म्हणत. घराचा धंदा रेशमाच्या किड्यांचं बी तयार करण्याचा. बी म्हणजे अंडी. आजूबाजूचे रेशीमवाले दरसाल त्यांच्याकडून बी नेत, अळ्या वाढवत, कोष विकत. या घरात एक वाण असा होता जो दुसरीकडे कुठंच नव्हता. त्याचे कोष हळदीसारखे पिवळे, लहानखुरे, धागा आखूड. नुसत्या कोषांना बाजारात कुणी विचारलं नसतं. पण दुसऱ्या वाणाशी त्याचा संकर केला की होणारी अळी भलतीच चिवट निघायची. ज्या रोगराईत बाकीच्यांची किडेघरं रिकामी झाली, तिच्यातून ही अळी तरून गेली होती. सगळे त्या वाणाला 'पिवळी' म्हणत, आणि पिवळीशिवाय त्या भागातल्या रेशीमवाल्यांचं पान हलत नसे.

पिवळीची अडचण एकच. ती वर्षातून एकदाच उबते. थंडीभर अंडी गारव्यात निजून राहतात आणि एकदा उबेला लावली की मागे फिरता येत नाही. बारकीने ती उबेला लावूनही बरेच दिवस झाले होते. अंड्यांवर निळसर झाक आली होती. आज-उद्या अळ्या बाहेर येणार, आणि बाहेर आल्या की त्यांना खायला तुती लागणार.

ती घरी आली तेव्हा माई, तिची सासू, ओट्यापाशी चहा गाळत होती. माईने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि गाळणं तसंच भांड्यावर ठेवलं.

"किती गेलं?"

"सगळं."

"भिंतीकडचा तुकडा?"

"माई, सगळं म्हणजे सगळं."

माई हळूच स्टुलावर टेकली. पिवळी तिची. उभा जन्म तिने ती सांभाळली होती आणि डोळे अधू झाल्यावर नाइलाजाने सुनेच्या हाती दिली होती. तरी रोज वरच्या खोलीत जाऊन बोटांनी ट्रे चाचपल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

"फुटेल पुन्हा," ती म्हणाली. "तुती अशी मरत नाही. खोडातून फुटेल."

"फुटेल ना, दोन-तीन आठवड्यांनी. तोवर यांना काय गोष्टी सांगत बसू?"

बारकीचा नवरा गावाबाहेरच्या एका मोठ्या काचघरात कामाला होता. तिथं दुकानांसाठी पालेभाज्या पिकवत. मित्रांनी त्याचं नाव कोबी ठेवलं होतं आणि तोही फोनवर बिनदिक्कत "हां, कोबी बोलतोय" म्हणायचा. त्या सकाळी त्याने ओळखीच्या सगळ्या रेशीमवाल्यांना फोन लावले. सगळीकडे तीच रड. चष्मेवाले दादा म्हणून एक मोठे रेशीमवाले होते, त्यांनी तर बोलूच दिलं नाही. "आमची बाग भाजून काढल्यासारखी झालीय, तिचं सोडा. बाग पुन्हा येईल. पिवळीचं बघा. पिवळी गेली तर आम्ही सगळे बसलो."

बारकीने निम्मी अंडी पुन्हा थंड पेटीत ठेवून पाहिली. माईने मान हलवली. "आता उशीर झाला. थांबतील दोन दिवस, पण निघतील त्या मरतुकड्या." आणि तसंच झालं. पेटीतली पुढे निघाली ती निम्मीअर्धी, आणि त्यांतलीही बरीच पहिल्याच दिवशी गळाली.

उबेतच ठेवलेली बाकीची अंडी दव पडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फुटली. कागदावर काळी मोहरी सांडावी तशा अळ्या वळवळू लागल्या. बारकीने एका बशीत वेगवेगळ्या पानांचे तुकडे मांडले होते. अंजिराचं पान, बीटाचं पान, गुलाबाचं पान, रस्त्याकडेला उगवणाऱ्या पिवळ्या फुलांच्या रानटी भाजीचं पान आणि नवऱ्याने आणलेलं लेट्यूस. चिमूटभर अळ्या तिने पिसाने बशीच्या मधोमध सोडल्या. मग तिघंही भिंग घेऊन बशीवर वाकली.

"या तर चालल्या सगळ्या बाहेर," कोबी म्हणाला.

"श्वास सोडू नका त्यांच्यावर," बारकी म्हणाली.

अंजिरावरून अळ्या चालत गेल्या, थांबल्या नाहीत. गुलाबाकडे तर फिरकल्याच नाहीत. रानटी भाजीवर काही रेंगाळल्या. लेट्यूसच्या कडेला मात्र थोड्या वेळाने सुईने टोचल्यासारखी भोकं दिसायला लागली. कोबीने आनंदाने टेबलावर थाप मारली आणि बायकोची शिवी खाल्ली.

"खातायत म्हणजे जगतील असं नाही," माई म्हणाली. "आमच्या मावशीनं एकदा असंच केलं होतं. निम्म्या मेल्या, उरलेल्या रडतखडत वाढल्या. आणि एक ध्यानात ठेव बारके, आता तुती चुकूनही दाखवायची नाही. तुतीची चटक लागली की मग दुसऱ्या कशाला तोंड लावत नाहीत. उपाशी मरतील, पण खाणार नाहीत."

"तुती आहेच कुठं दाखवायला?"

बारकीला आणखी एक झाड माहीत होतं. प्रशिक्षणाला गेली होती तेव्हा तिथल्या बाईंनी सांगितलं होतं, की तुतीच्या कुळातलं एक काटेरी झाड असतं, त्याचा पाला रेशमाच्या अळ्या खातात, लेट्यूसपेक्षा कितीतरी बरा. ते झाड गावात होतं. रेल्वेच्या मालधक्क्याभोवती जुनं कुंपण होतं ते त्याचंच. पान तोडलं की तुतीसारखाच पांढरा चीक यायचा. थंडीच्या तोंडावर त्याखाली मुठीएवढी, मेंदूसारखी सुरकुतलेली हिरवी फळं पडायची आणि पोरं त्यांनी फुटबॉल खेळायची. पण ते झाड आळशी. सगळ्या झाडांना पालवी येऊन गेली की मग ते डोळे उघडायचं. दवाने त्याचं काही बिघडलं नव्हतं, कारण बिघडायला त्यावर काही नव्हतंच. बारकी सायकल मारत जाऊन बघून आली. काट्यांच्या बगलेत तपकिरी डोळे घट्ट मिटलेले होते.

म्हणजे तोवर लेट्यूस.

कोबी रोज काचघरातून फवारणी न झालेल्या वाफ्यातली रोपं मागून आणायचा. लेट्यूसमध्ये पाणी फार. तसंच घातलं तर अळ्यांना हगवण लागणार, म्हणून बारकी पान न् पान फडक्याने पुसून वाऱ्यावर सुकवायची, मग बारीक चिरून ट्रेत पसरायची. वरच्या खोलीत मांडण्या होत्या, मांडण्यांवर ट्रे होते आणि खोली एकसारखी उबदार राहावी म्हणून कोपऱ्यात शेगडी होती. अळ्या खात होत्या, पण नाखुशीने. आजाऱ्याने भात चिवडावा तशा. तुतीवर असत्या तर एव्हाना दुसरी कात टाकून गरगरीत झाल्या असत्या. या अजून पहिल्या कातीतून कशाबशा बाहेर येत होत्या. रोज सकाळी बारकी पिसाने मेलेल्या बाजूला सारायची आणि रोज तो ढीग आदल्या दिवसापेक्षा मोठा असायचा.

"पाणी पितायत या," माई पुटपुटायची. "पाला नाही हा."

"मग दुसरं काय देऊ, सांगा ना!"

खिडकीजवळच्या मांडणीवर सगळ्यात वरचा ट्रे माईचा होता. तिथं उजेड बरा, त्यामुळे तिला थोडंफार दिसायचं. त्याची साफसफाई, चारा सगळं तीच करायची आणि बारकी त्यात लक्ष घालत नसे.

एके दिवशी दुपारी चारा घालताना तिचं लक्ष गेलं. माईच्या ट्रेमधलं सकाळचं लेट्यूस जसंच्या तसं पडलं होतं. एकही कड कुरतडलेली नव्हती. अळ्या पाल्यावरून उतरून ट्रेच्या काठाला येऊन बसल्या होत्या. डोकी वर करून हवेत डोलवत होत्या. अन्नावरची वासना जाणं हे रोगाचं पहिलं लक्षण. तिने दोन अळ्या काचपट्टीवर चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. ज्या रोगाचे कण दिसतात तो रोग नव्हता. पण न दिसणारेही रोग असतात, आणि एका ट्रेमधून ते सबंध खोलीत पसरायला एक दिवस पुरतो.

आजारी ट्रे जाळायचा, हा या धंद्यातला साधा नियम. त्यात दयामाया नसते. बारकीने तोंडाला फडकं बांधलं, ट्रे कागदात गुंडाळला आणि जिना उतरून मागच्या अंगणात आली. तिथं पाणी तापवायचा बंब होता. तिने त्यात लाकडं सारली, काडी ओढली. जाळ धरायला लागला तशी तिने बंबाची झडप उघडली.

माई स्वयंपाकघराच्या दारात आली. "धूर कसला गं? काय जाळतेस?"

"वर ट्रेला रोग लागलाय. तुम्ही लांब थांबा, आणि हात धुतल्याशिवाय वर जाऊ नका."

"कुठला ट्रे?"

बारकीने तोंडावरचं फडकं खाली ओढलं. मग म्हणाली, "तुमचा."

माई पायऱ्या चाचपत, भिंतीला धरत जवळजवळ धावतच खाली आली. तिने अंदाजाने हात पुढे केला आणि सुनेचं मनगट पकडलं. ते म्हातारं बोट न् बोट बारकीच्या हाडाला रुतलं.

"जाळू नकोस. रोग नाही तो."

"माई, सोडा. खात नाहीत त्या. काठावर येऊन बसल्यात. तुम्हाला दिसत नाही म्हणून."

"रोग नाही म्हणते ना! मी तुती घातलीय त्यांना."

बंबात लाकूड तडकलं.

"कुठून आणली?"

"बेकरीच्या मागून. भट्टीच्या भिंतीला लागून एक रोपटं आहे. भिंत गरम असते, त्यामुळे ते वाचलं. मूठभर पानं होती. काल घातली, परवा घातली."

"आणि मला बोलला नाहीत."

"बोलले असते तर तू घालू दिली असतीस?"

"तुम्हीच मला शिकवलंत! तुम्हीच म्हणालात, चुकूनही दाखवायची नाही!" बारकीचा आवाज चढला तसा शेजारच्या खिडकीचा पडदा हलला. "आता या लेट्यूसला तोंड लावणार नाहीत. आणि मूठभर पानांवर सबंध ट्रे किती दिवस जगवणार होतात? उपाशी मारताय त्यांना तुम्ही!"

"त्या तशाही मरत होत्या. रोज मरतायत. ढीग वाढतोय ते मला दिसत नसलं तरी कळतं." माईने मनगट सोडलं नव्हतं. "सगळे ट्रे एकाच पाल्यावर आहेत आणि तो पाला धड नाही. मला वाटलं, एक तरी ट्रे खऱ्या पाल्यावर उभा राहू दे. सगळ्या गेल्या तर एवढ्या तरी उरतील. चुकलं असेल. पण माना वर करून बघतात गं माझ्याकडे."

"त्यांना दिसत नाही, माई."

"मला तरी कुठं दिसतं?"

बारकीने झडप बंद केली. ट्रे उचलून ती घरात गेली आणि त्यानंतर दिवसभर सासूशी एक शब्द बोलली नाही.

बेकरीच्या मागे ती स्वतः जाऊन आली. बेकरीवाला पिठाचे हात झटकत म्हणाला, "माईंनी ओरबाडून नेलं सगळं. मी म्हटलं, नेऊ दे, चहात घालत असतील." रोपट्यावर शेंड्याची दोन इवलीशी पानं उरली होती. बारकीने तीही खुडली. ट्रेवर ठेवली तशी अळ्यांची झुंबड उडाली आणि बघता बघता नुसत्या शिरा उरल्या. मग तिने तो ट्रे मागच्या थंड खोलीत नेऊन ठेवला. गारव्यात अळीची भूक मंदावते. त्याने मरण टळत नाही, लांबतं फक्त.

वरच्या खोलीतही काही चांगलं चाललं नव्हतं. लेट्यूसवरच्या अळ्यांना खरोखरच हगवण लागली होती. दोन ट्रे सकाळी उचलून सबंधच टाकून द्यावे लागले. कोबी कामावर जाताना दारात घुटमळला. "काट्याच्या झाडाचं काय झालं?"

"डोळे फुगलेत. अजून उघडले नाहीत."

"फांद्या तोडून कोमट पाण्यात ठेवल्या तर? आमच्याकडे काचघरात मॅडम तसंच करतात, फुलांच्या फांद्यांचं. चार-दोन दिवस आधी फुटतात."

बारकीने लग्नानंतर प्रथमच भर दारात नवऱ्याचा गालगुच्चा घेतला, करवत आणि जाड हातमोजे घेतले आणि सायकलवर टांग टाकली.

मालधक्क्यापाशी पोचली तेव्हा तिला लांबूनच घरघर ऐकू आली. कुंपणाचा अर्धा पट्टा आडवा झाला होता. पिवळं खोदाई यंत्र दात रोवून झाडं मुळासकट उपटत होतं, वरून लोखंडी पट्टे फिरवून फांद्यांचा चुरा करत होतं आणि मागे उभ्या ट्रकमध्ये भरत होतं. बारकीने सायकल टाकली आणि सरळ यंत्राच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. यंत्राचा पंजा तिच्या डोक्यावर हवेत थांबला. चालकाने काचेतून हात जोडले.

ठेकेदार तरातरा आला. "ओ बाई! मरायचंय का? बाजूला व्हा!"

"यंत्र थांबवा आधी."

"हे बघा, मला सगळं माहितेय. झाडं वाचवायला आलात. पक्षी, सावली, सगळं मान्य. पण इथं भिंत बांधायचीय आणि मला आज पाया आखून द्यायचाय. तुमचे फोटोवाले कुठे आहेत?"

"मला झाडं वाचवायची नाहीत," बारकी म्हणाली. "मला ती तोडूनच हवीत."

ठेकेदाराचं तोंड उघडंच राहिलं. "काय?"

"फांद्या हव्यात. अख्ख्या. तुमचं यंत्र चुरा करतंय त्यांचा. चुरा करू नका, अख्ख्या काढून बाजूला टाका. मी उचलून नेते."

"कशाला? जळणाला?"

"किड्यांना."

ठेकेदाराने चालकाकडे पाहिलं. चालकाने खांदे उडवले. ठेकेदार म्हणाला, "बाई, माझ्याकडे वेळ नाही. ट्रक भरून जायचाय. वेगळ्या फांद्या काढत बसलो तर दिवस इथंच जाईल. व्हा बाजूला, नाहीतर माणसं बोलावतो."

"बोलवा," बारकी म्हणाली आणि हातातली करवत घेऊन पंजाखालच्या उभ्या झाडावरच चालवायला लागली. काटे मोज्यांतून आत घुसत होते. ठेकेदारासमोर रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं, त्यामुळे ती जास्तच जोरात करवत ओढत होती. "आठ-दहा दिवस मी त्यांना गवत घालून जगवतेय. यावर चार पानं फुटली की त्या जगतील. तुम्हाला फेकायचंच आहे ना हे? फेकायचंय तर माझ्याकडे फेका!"

चालकाने इंजिन बंद केलं. तो खाली उतरला, खिशातून विडी काढली, परत ठेवली. "साहेब," तो ठेकेदाराला म्हणाला, "पंजाने शेंडे मोडून बाजूला रचतो मी. मुळं नंतर उपटतो. फार तर जेवणाची सुट्टी बुडेल. माझी बुडू दे, तुम्ही जेवून या."

ठेकेदाराने घड्याळ पाहिलं. "जेवून येईपर्यंत," तो म्हणाला. "त्यानंतर मी बघणार नाही कुणाच्या किड्यांकडे." आणि निघून गेला.

चालक फांद्या मोडत गेला, बारकी ओढत गेली. कोबीला फोन केला तसा तो काचघरातली ढकलगाडी घेऊन, मॅडमना काहीबाही सांगून धावत आला. ठेकेदार परतला तेव्हा रस्त्याकडेला माणसाच्या छातीएवढा काट्यांचा ढीग उभा होता आणि बारकीच्या कोपरापासून बोटांपर्यंत रक्ताच्या रेघा होत्या. ती दोघं निघाली तेव्हा ठेकेदाराने ढकलगाडीला मागून हात लावला, एवढंच.

घरातली प्रत्येक बादली, पातेलं, टब फांद्यांनी भरला. न्हाणीघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. कोबी म्हणाला, "आता आंघोळ बेकरीत करतो." कुणी हसलं नाही. शेगडीवर पाण्याचं भांडं सारखं चढलेलं होतं. पाणी निवलं की बदलायचं, फांदीचं टोक तिरकं छाटायचं, पुन्हा ठेवायचं. मागच्या खोलीत माईच्या ट्रेमधल्या अळ्या आता डोकीही हलवत नव्हत्या. बारकी तिकडे जायची, बघायची, दार लावून घ्यायची. सासूसुनेचं बोलणं अजून बंदच होतं. कोबी दोघींच्या मधून निरोप्यासारखा फिरत होता.

माई बादल्यांजवळ पाट घेऊन बसली होती. काट्यांतून बोटं घालून ती एकेक डोळा चाचपायची. बोटांना भोकं पडत होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. एका दुपारी ती मोठ्याने म्हणाली, "बारके, इकडे ये."

बारकी आली.

"ही फांदी. शेंड्याकडून खाली ये. काल घट्ट होते, आता कुरकुरीत लागतायत. उघडलेत का बघ."

बारकीने भिंग लावलं. तपकिरी टरफलं सुटली होती आणि आतून उंदराच्या कानाएवढी, चकचकीत हिरवी पानं डोकावत होती. दोन-तीन फांद्यांवर तेवढीच. सगळी खुडली असती तरी बशीभर झाली नसती. संध्याकाळपर्यंत आणखी फुटली असती, पण मागच्या खोलीतल्या अळ्या संध्याकाळ बघतील याची खात्री नव्हती. आणि वरच्या खोलीत, तिच्या स्वतःच्या ट्रेमध्ये, लेट्यूस खाऊन सुकत चाललेल्या कितीतरी होत्या.

"वर दे," माई म्हणाली. तिने सुनेच्या मनातलं ओळखलं होतं. "माझ्यांना नको. तुतीची चटक लागलीय त्यांना. याला तोंड लावतील याचा भरवसा नाही. वाया घालवू नकोस."

बारकीने पानं खुडली. मांडीवरच्या पाटीवर ती केसासारखी बारीक चिरली. चीक सुरीला चिकटत होता. मग ती उठली आणि मागच्या खोलीकडे गेली.

"बारके, वर म्हणाले ना मी!"

"ऐकलं. या तुम्ही पण."

तिने ट्रे उबेला आणला, शेगडीपासून हातभर अंतरावर. अळ्या सुतासारख्या बारीक झाल्या होत्या, कातडी सुरकुतली होती. पानांचा चुरा तिने अलगद त्यांच्यावर भुरभुरला. काहीच झालं नाही. मग उबेने एकेक डोकं हलायला लागलं. एक अळी चुऱ्यावर चढली, पलीकडे उतरली. दुसरी चढली, तीही उतरली. बारकीने ओठ चावून धरला.

"काय करतायत?" माईने विचारलं. तिचा हात सुनेच्या पदरावर होता.

"चालतायत."

"थांबत नाहीत?"

"नाही."

माईने हात मागे घेतला. तेवढ्यात बारकी पुढे वाकली. एक अळी चुऱ्याच्या कडेशी थांबली होती. तिने मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली, पुन्हा डावीकडे. मग तिचं डोकं कडेवर खालीवर व्हायला लागलं, शिवणयंत्राच्या सुईसारखं. हिरव्या कडेत चंद्रकोरीएवढी खाच पडली.

"खाल्लं," बारकी म्हणाली. "माई, खाल्लं. ही पण. ही बघा."

"कशी बघू?" माई म्हणाली, आणि दोघी एकदमच हसल्या आणि एकदमच रडायला लागल्या. कोबी दारात उभा होता. काय करावं न सुचून तो बादलीतलं पाणी बदलायला गेला.

सगळ्यांनी खाल्लं नाही. माईच्या ट्रेमधल्या बऱ्याच चुऱ्यावर बसूनच मेल्या. वरच्या खोलीतल्यांनी मात्र नवा पाला पहिल्याच दिवशी धरला, हगवण थांबली आणि मेलेल्यांचा ढीग लहान होत गेला. फांद्यांवरची पालवी संपत आली तेव्हा बागेत जाऊन बघावं तर तुतीच्या खोडांना नवे कोंब आले होते. शेवटची कात टाकल्यावर अळ्यांना खरा पाला मिळाला आणि वरच्या खोलीत पाऊस पडल्यासारखा चरचर आवाज सुरू झाला. कोष झाले ते दरसालच्या मानाने थोडके आणि बोरांएवढे, पण पिवळेजर्द. त्यांतून पतंग निघाले, जोड्या लागल्या आणि कागदावर अंडी पडली.

ती खबर कशी कोण जाणे पोचलीच. चष्मेवाले दादा डबा घेऊन दारात उभे राहिले. "वाचली म्हणे पिवळी! वहिनी, मानलं तुम्हाला. बरं, आमचं बी कधी नेऊ?"

बारकीने त्यांना बसायला खुर्ची दिली आणि उभी राहूनच म्हणाली, "यंदा बी नाही, दादा. कुणालाच."

"म्हणजे?"

"उरलीय ती थोडी आहे आणि आजारातून उठलीय. संकराला पतंग दिले असते तर मूळ वाणाला काही उरलं नसतं. सगळी अंडी पुढच्या वर्षाला ठेवणार. सुधारली तर त्यानंतर बघू."

दादांचा चेहरा पडला. डबा त्यांनी या मांडीवरून त्या मांडीवर घेतला. "अहो, आम्ही काय करायचं मग? बाहेरचं बी आणलं आणि रोग आला तर? थोडं तरी. माझ्यापुरतं. कुणाला सांगत नाही."

"नाही."

"माई," दादांनी मोर्चा आत वळवला, "तुम्ही कधी मला रिकाम्या हाताने पाठवलंत का? सांगा ना जरा हिला."

माई पलंगावर बसून बोटांतले काटे सुईने काढत होती. कोबी तिला बॅटरी धरून देत होता. माईने वर पाहिलंही नाही.

"मी काय सांगणार?" ती म्हणाली. "पिवळी तिची आहे."

दादा आणखी थोडा वेळ बसले, चहा घेतला, गार झाल्याची तक्रार केली आणि गेले. बारकीने दार लावलं. अंड्यांचे कागद वाळले होते. ते तिने एकेक करून पेटीत रचले, मध्ये जाळीचे तुकडे घातले, आणि पेटी उचलण्याआधी माईचा हात धरून तिला कागदांवरून बोटं फिरवू दिली.